जॉब धरण्याची विद्या : पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील फिक्स्चरचा इतिहास आणि त्याची भाषा

१

औद्योगिक इतिहास लिहिताना कारखान्याचे नाव, स्थापनेचे वर्ष, भांडवल, कामगारसंख्या आणि उत्पादनाचे आकडे यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहासही बहुधा याच रीतीने सांगितला जातो. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली; १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले; १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली; १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना चाकण येथे सुरू झाला व पुढील दशकात त्या परिसरात मोटार-उद्योगाची दाटी झाली. ही मालिका यथार्थ आहे. तथापि तिच्यातून एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भोसरीतील पत्र्याच्या शेडमध्ये एकाने घडविलेला भाग आकुर्डीच्या जुळणी-ओळीवर दुसऱ्याने उचलावा आणि तो कानस न लावता, न ठोकता जागच्या जागी बसावा, ही गोष्ट कशी साध्य झाली?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग ‘फिक्स्चर’ या एका साधनात सामावलेला आहे. ज्या भागावर काम करावयाचे त्याला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. तो जॉब यंत्रावर दरवेळी त्याच जागी व त्याच स्थितीत बसावा आणि कापणाऱ्या हत्याराच्या जोराने हलू नये, यासाठी त्या विशिष्ट जॉबाकरिता मुद्दाम घडविलेली लोखंडी बैठक म्हणजे फिक्स्चर होय. हत्याराला वाट दाखविणारी जी तत्सम योजना, उदाहरणार्थ ड्रिल नेमके कोठे शिरावे हे ठरविणारी पोलादी बुशे बसविलेली चौकट, तिला ‘जिग’ म्हणतात. दोहोंचा हेतू एकच : कुशल कारागिराला प्रत्येक नगाच्या वेळी नव्याने घ्यावा लागणारा निर्णय एकदाच घेऊन तो धातूत कायम करून ठेवणे.

मात्र या साधनाचा पुरावा फार क्षणभंगुर असतो. वाहनाचे मॉडेल बंद पडले की त्याची फिक्स्चरे निरुपयोगी होतात आणि भंगारात जातात. त्यांचे संग्रहालय होत नाही, घडविणाऱ्याचे नाव त्यांच्यावर कोरलेले नसते. असतो तो केवळ जॉबाचा क्रमांक. अशा वेळी त्या साधनाभोवती वाढलेली कामगारांची भाषा ही इतिहासाची एक महत्त्वाची साक्ष ठरते.

२

वस्तू पक्की धरून तिच्यावर काम करण्याची कल्पना महाराष्ट्रात अर्थातच कारखान्यांबरोबर आली नाही. सुतार, लोहार, कातारी आणि चर्मकार यांच्या व्यवसायांत तिच्यासाठी जुने शब्द आहेत. वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा तो शेगडा. फटीत ठोकून घट्टपणा आणणारी ती पाचर. एकाच आकाराची अनेक नगे काढण्यासाठी वापरावयाचा तो फर्मा किंवा साचा. काटकोन पाहण्यासाठी गुण्या आणि उभी रेषा पाहण्यासाठी ओळंबा. या शब्दसंपत्तीत धरणे आणि मापणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. शेगडा वस्तू धरतो, परंतु ती कोठे धरली आहे हे त्याला ठाऊक नसते; ते गुण्या लावून कारागिराने पाहावयाचे असते. फिक्स्चरचे नावीन्य असे की त्याने या दोन क्रिया एकत्र आणल्या. वस्तू धरली गेली की ती आपोआप मापात बसलेली असते.

ही कल्पना पाश्चात्त्य देशांत शस्त्रनिर्मितीच्या क्षेत्रात परिपक्व झाली. अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात जॉन हॉल याने १८१९ पासून बंदुकांचे सुटे भाग परस्परांत बदलता येतील असे करण्याचा प्रयत्न चालविला. प्रत्येक भागावर एकच आधारबिंदू निश्चित करून त्याच बिंदूपासून सर्व मापे व सर्व बैठकी ठरवावयाच्या, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होते. कारण दर टप्प्यावर नवा आधार घेतल्यास प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्या टप्प्यात मिसळत जाते. कनेक्टिकट राज्यात सायमियन नॉर्थ हा त्याच बंदुका स्वतंत्रपणे बनवीत असे. १८३४ च्या सुमारास त्या दोन दूरस्थ ठिकाणी घडविलेले भाग परस्परांत बदलता येऊ लागले. एका कारखान्याच्या भिंतीआड असलेला अचूकपणा दुसऱ्या गावी नेता येतो, ही गोष्ट तेथे प्रथमच व्यवहारात सिद्ध झाली. भोसरी व आकुर्डी यांच्या संबंधाचे बीज या घटनेत पाहावयास मिळते.

पुणे परिसरात प्रमाणबद्ध धातुकामाची परंपरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून, म्हणजे १८६९ पासून सांगता येते. खासगी उद्योगाच्या क्षेत्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी आणि पुढे १९४६ मध्ये खडकी येथे सुरू झालेला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना हे महत्त्वाचे टप्पे होत. लोखंडी नांगरात एखादा भाग किंचित मागेपुढे झाला तरी कानशीने निभावून नेता येते. डिझेल इंजिनात असा निभाव लागत नाही. नांगराकडून इंजिनाकडे झालेला प्रवास हा कानशीकडून फिक्स्चरकडे झालेलाही प्रवास आहे.

३

फिक्स्चरच्या रचनेचे मूलतत्त्व ‘तीन-दोन-एक’ या नावाने ओळखले जाते. अवकाशातील कोणत्याही घन वस्तूला सहा प्रकारे हालचाल करता येते : तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. या सहाही हालचाली थांबविल्या आणि त्याहून अधिक बंधने घातली नाहीत, म्हणजे वस्तूची स्थिती निश्चित होते. तळाशी तीन टेकू दिले की एक सरकणे व दोन फिरणी थांबतात. एका बाजूस दोन टेकू दिले की आणखी एक सरकणे व एक फिरणे थांबते. उरलेल्या दिशेस एक टेकू दिला की शेवटचे सरकणे थांबते. तळाशी चौथा टेकू दिल्यास लाभ न होता हानी होते. ओतीव कामाचा खडबडीत पृष्ठभाग चार बिंदूंवर एकाच वेळी टेकत नाही आणि जॉब डुगडुगतो. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर स्थिर राहते, परंतु चार पायांच्या पाटाखाली चकती सारावी लागते, हा घरोघरचा अनुभव येथे लागू पडतो.

हे तत्त्व मराठी क्रियापदांतून सहज सांगता येते. जॉब तळाच्या तीन बिंदूंवर टेकतो, बाजूच्या दोन बिंदूंना भिडतो, शेवटच्या बिंदूशी अडतो आणि मग आवळला जातो. टेकणे, भिडणे, अडणे ही स्थाननिश्चिती. आवळणे हे धारण. आधी स्थान, मग धारण, हा क्रम चुकला तर आवळण्याच्या जोरानेच जॉब जागेवरून उचलला जातो. ‘जॉब बसला नाही’ हे वाक्य यंत्रावर काम करणाऱ्याच्या तोंडी येते तेव्हा त्यात हे संपूर्ण भूमितीशास्त्र संक्षेपाने आलेले असते.

४

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात हे शास्त्र संस्थारूपाने रुजण्यात टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे त्या काळची टेल्को, हिचा वाटा विशेष मानावा लागतो. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या पुणे विभागाची स्थापना १९६६ मध्ये झाली. तेथे तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधला ११ वर्षांचा काळ रिकामा नव्हता. यंत्रे, साचे, जिग व फिक्स्चरे घडविण्याची क्षमता निर्माण करणे आणि ती हाताळणारी माणसे शिकवून तयार करणे यांना येथे अग्रक्रम मिळाला. द्वितीय पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७-५८ च्या सुमारास, उद्भवलेल्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवान्यांवर अवलंबून राहणे किती जोखमीचे आहे हे भारतीय उद्योगाला कळून चुकले होते. मालमोटार बनविण्याआधी मालमोटार बनविण्याची साधने बनवावीत, हा या पार्श्वभूमीवरील निर्णय दूरदृष्टीचा ठरला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाला कायद्याचे अधिष्ठानही लाभले होते.

आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या इतिहासात १९७१ हे वर्ष असेच निर्णायक आहे. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला सहकार्याचा करार त्या वर्षी संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. स्कूटरसाठी ग्राहकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी अशी मागणी असता उत्पादनवाढीचा बराचसा भार सुटे भाग पुरविणाऱ्या लहान उद्योगांवर आला. मोठा कारखाना आराखडा व अनेकदा फिक्स्चरही देई. लहान कारखानदार यंत्र, जागा व श्रम देई. फिक्स्चरची मालकी मात्र मोठ्या कारखान्याकडे राही. लहान कारखानदाराच्या दृष्टीने ही व्यवस्था वरदान होती, कारण महागडे टूलरूम न उभारता त्याला अचूकपणा लाभे. तीच व्यवस्था बंधनही होती, कारण फिक्स्चर परत मागितले गेले की त्याबरोबर काम परत जाई. यंत्र त्याचे असे, परंतु ते यंत्र कशासाठी उपयोगी पडावे हे दुसऱ्याच्या मालकीच्या लोखंडावर ठरे.

५

एका बैठकीवर एकाऐवजी अनेक जॉब बसविण्याची कल्पना या परिस्थितीत विशेष महत्त्वाची ठरली. तिचे सर्वांत साधे रूप म्हणजे पत्र्याच्या अनेक पट्ट्या एकावर एक रचून, आवळून, एकाच वेळी भोके पाडणे. याहून विकसित रूप म्हणजे मिलिंग यंत्राच्या टेबलावर ओळीने जॉब मांडून कटर एका फेरीत सर्वांवरून नेणे. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात इंजिनाचे ठोकळे याच रीतीने एका वेळी अनेक मांडून कापले जात. १९९१ नंतर संगणक-नियंत्रित मशीनिंग सेंटर लहान कारखान्यांच्याही आवाक्यात येऊ लागले, तेव्हा या कल्पनेला नवे क्षेत्र मिळाले.

तिच्यामागील हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ओतीव ब्रॅकेटवर पाच हत्यारांनी काम करावयाचे आहे. प्रत्यक्ष कापण्यास १८० सेकंद लागतात. पाच वेळा हत्यार बदलण्यास ३० सेकंद. दार उघडणे, जॉब काढणे, बर व चिप्स साफ करणे, नवा जॉब लावणे व आवळणे यांस ९० सेकंद. एकूण ३०० सेकंद, म्हणजे तासाला १२ नग. आता आठ जॉबांचे फिक्स्चर केले असे समजू. एक हत्यार आठही जॉबांवर काम करून मगच बदलले जाते. त्यामुळे हत्यारबदलाचे ३० सेकंद आठांत वाटले जातात. कापण्यास १४४० सेकंद, हत्यारबदलास ३०, एका जॉबावरून दुसऱ्यावर सरकण्यास समजा ७०, आणि आठ जॉब काढण्या-लावण्यास ३५० सेकंद. बेरीज १८९०, दर नगास सुमारे २३६ सेकंद, म्हणजे तासाला १५ नग. यंत्राला दोन पॅलेट असून एकावर काम चालू असता दुसऱ्यावर जॉब लावता आले, तर ३५० सेकंदांऐवजी पॅलेटबदलाचे समजा २० सेकंदच मोजावे लागतात. बेरीज १५६० व दर नगास १९५ सेकंद, म्हणजे तासाला १८ नग. कापण्याचा वेग तिळमात्र न वाढविता उत्पादन दीडपट झाले.

या लाभाची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. आठ घरांचे फिक्स्चर म्हणजे वस्तुतः आठ फिक्स्चरे होत. त्यांतील प्रत्येकाची उंची व स्थान स्वतंत्रपणे चुकू शकते. पाचव्या घराचा टेकू झिजला तर दर आठ नगांत एक नग सदोष निघतो आणि पेटीत मिसळल्यावर त्याचे मूळ सापडत नाही. म्हणून जाणते टूलमेकर प्रत्येक घरात क्रमांक उमटविण्याची तजवीज करतात. ओळीने मांडलेले जॉब एकमेकांना टेकवून उभे केले तर प्रत्येकाच्या जाडीतील फरक पुढच्यात मिसळत जातो व शेवटचा जॉब मापाबाहेर पडतो. हॉलच्या आधारबिंदूचा नियम मोडल्याचे हे फळ होय. एका पट्टीखाली दोन ओतीव जॉब दाबले तर उंच जॉब घट्ट व ठेंगणा सैल राहतो. यावर उपाय म्हणजे मध्यभागी झुलणारी पट्टी, जी तराजूच्या दांडीप्रमाणे दोहोंवर सारखा भार वाटते. हत्यार मध्येच मोडले तर पूर्वी एक नग वाया जाई, आता आठ जातात. शिवाय फिक्स्चरचा खर्च भरून निघण्याइतकी मोठी बॅच हाती असावी लागते. थोड्या नगांसाठी साधा शेगडाच किफायतशीर ठरतो.

६

वरील हिशेबात एक आकडा दृष्टीआड राहतो. एकेक जॉब लावणाऱ्या कामगाराला यंत्र चालू असताना २१० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटे, मोकळी मिळत. आठ जॉबांच्या फिक्स्चरमध्ये, पॅलेट नसतानाही, हा अवधी १५४० सेकंदांचा, म्हणजे सुमारे २६ मिनिटांचा होतो. हा मोकळा वेळ कामगाराच्या पदरी पडत नाही. त्याच्याकडे दुसरे यंत्र सोपविले जाते, प्रसंगी तिसरेही. त्यामुळे फिक्स्चरच्या इतिहासात नगांच्या संख्येइतकाच माणसांच्या संख्येचा प्रश्न गुंतलेला आहे.

याबरोबरच कौशल्याची विभागणी झाली. जुन्या लेथवरील कामगार जॉब पाहून, डायल लावून, पॅकिंग सारून तो स्वतः मापात आणीत असे. त्याचे हे ज्ञान आता टूलरूममधील टूलमेकर आणि सेटर यांच्याकडे गेले आणि त्यांच्याकडून फिक्स्चरमध्ये गेले. ऑपरेटरकडे उरले ते लावणे आणि काढणे. कौशल्य नष्ट झाले असे म्हणणे यथार्थ होणार नाही. आठ घरांचे फिक्स्चर मापात आणणे हे जुन्या कोणत्याही कामाहून सोपे नाही. परंतु ते कौशल्य थोड्यांच्या हाती एकवटले आणि पुष्कळांच्या हातून गेले.

भाषेत या विभागणीचा ठसा स्पष्ट उमटला आहे. फिक्स्चर, लोकेटर, क्लॅम्प, पिन, पॅलेट, ऑफसेट ही नामे आराखड्याबरोबर आली व इंग्रजीतूनच आली. क्रियापदे मात्र हाताबरोबर राहिली : लावणे, काढणे, बसणे, टेकणे, आवळणे, सुटणे. नामांनी मराठीत प्रवेश केल्यावर लिंगव्यवस्था स्वीकारली; तो क्लॅम्प, ती पिन, ते फिक्स्चर असे प्रयोग होतात. सामान्यरूपाच्या बाबतीत मात्र दोन थर दिसतात. टेबल, पंप हे जुने आगत शब्द ‘टेबलावर’, ‘पंपाला’ असे विकार पावतात. ‘फर्मा’ तर ‘फर्म्यावर’ असा पूर्ण मराठी होतो. उलट बोलण्यात ‘फिक्स्चरवर’, ‘क्लॅम्पने’, ‘मशीनवर’ अशीच रूपे रूढ आहेत. ‘जॉब’ हा शब्दही लेखनात ‘जॉबाला’ असा चालविता आला, तरी बोलण्यात ‘जॉबला’ हेच रूप ऐकू येते. एखाद्या साधनाचा शब्द भाषेत किती मुरला आहे याचे हे सूक्ष्म परिमाण होय आणि त्यावरून फिक्स्चर अद्याप उंबरठ्यावर उभे आहे असे अनुमान निघते. पुण्याहून निघणाऱ्या ‘धातुकाम’ या मराठी मासिकासारख्या प्रयत्नांमुळे हे चित्र पालटू लागले आहे. आराखड्याची विद्या मराठी वाक्यात सांगितली जाऊ लागली की नामांनाही घर मिळते.

‘जॉब’ या शब्दाचा व्यवहार तर अधिकच बोलका आहे. कारखान्यात त्याचा अर्थ समोरचा धातूचा तुकडा; त्याच कामगाराच्या घरी त्याचा अर्थ नोकरी. ‘जॉब सुटला’ हे वाक्य यंत्राशेजारी उच्चारले तर क्लॅम्प सैल झाला असा बोध होतो, आणि उंबऱ्यात उच्चारले तर चूल कशी पेटणार असा प्रश्न उभा राहतो. हा केवळ शब्दश्लेष नव्हे. फिक्स्चरच्या उत्तमपणावर दुसऱ्या अर्थाच्या जॉबांची संख्या अंशतः अवलंबून असल्यामुळे दोन्ही अर्थ वस्तुस्थितीत एकमेकांना बांधलेले आहेत.

७

चाकणचा टप्पा या इतिहासाला नवे वळण देतो. २००९ मध्ये फोक्सवागेनचा कारखाना तेथे सुरू झाला. मर्सिडीज-बेंझचे उत्पादनही पिंपरीहून चाकणला गेले. त्याआधी, २००७ मध्ये, बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली होती. पुढे २०२२ मध्ये त्याच जागी विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना उभा राहिला. मॉडेलांचे आयुष्य जसजसे आखूड होत गेले, तसतसे एकाच जॉबाला वाहिलेले जड फिक्स्चर परवडेनासे झाले. त्याच्या जागी कायम तळ व बदलता येणाऱ्या घरांची रचना, द्रवदाबाने चालणारे क्लॅम्प आणि उभ्या ठोकळ्याच्या चारही बाजूंवर जॉब बसविण्याची पद्धत आली. विजेच्या वाहनात इंजिनाचे पुष्कळसे भाग लागतच नाहीत. त्या भागांची फिक्स्चरे व ती घडविण्यात निपुण झालेली लहान टूलरूमे यांच्यापुढे आज हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. यापूर्वी मॉडेल बदलले की फिक्स्चर बदलत असे. आता जॉबाचा प्रकारच बदलत आहे.

या दृष्टीने पाहता या पट्ट्याचा इतिहास लिहिण्यास काही काळच अनुकूल उरला आहे. जी फिक्स्चरे अद्याप मांडण्यांवर आहेत त्यांची मापे व चित्रे घेणे, एका घराची रचना आठ घरांची कशी झाली याचे टप्पे नोंदविणे, आणि निवृत्त झालेल्या टूलमेकर, सेटर व ऑपरेटर यांच्या तोंडचे शब्द त्यांच्याच उच्चारात व वाक्यात टिपून घेणे, ही कामे इतिहास, भाषाशास्त्र व अभियांत्रिकी या तीनही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगी आहेत. फिक्स्चर भंगारात गेल्यावरही त्याचा आराखडा एखाद्या कपाटात सापडू शकेल. परंतु तळाचा तिसरा टेकू नेमका तेथेच का दिला, हे आराखड्यात लिहिलेले नसते. ते ज्याने दिला त्यालाच विचारावे लागते.